भाषा येत नसताना चीनचा सफर

चीनला जाऊन आलो असे सांगितले की आमच्या इस्लामपुरात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तिकडची भाषा येते का तुम्हाला?" आणि दुसरा, आवाज थोडा खाली आणून, "मग खायचे काय?" दुसरा प्रश्न विचारणारे बहुतेक आपलेच लोक असतात, आणि खरे तर तोच जास्त मोलाचा आहे. भाषेवाचून माणूस चार दिवस काढील, पण ताटात काय आले आहे हे कळल्याशिवाय मुसलमानाच्या घशाखाली घास कसा उतरणार?

परक्या भाषेची भीती आमच्या सांगली जिल्ह्याला खरे म्हणजे नसायला हवी. खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी माणसे, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली ती देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. तामिळ, बंगाली, मल्याळी यातले एक अक्षर येत नसताना त्यांनी तिथे भट्ट्या मांडल्या. त्यांच्यापुढे आमचा तेरा दिवसांचा सफर म्हणजे काहीच नाही. तरीही तो कसा केला आणि किती पैशांत केला हे लिहून काढावे असा वाचकांचा आग्रह आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही शिक्षक. घरात मराठी आणि उर्दू, शाळेपुरती इंग्रजी. २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला इंडिगोने कोलकाता ते ग्वांगझोउ (आपल्या जुन्या पुस्तकांतले कॅन्टन) ही थेट विमानसेवा सुरू केली होती. पेठ नाक्यावरून पुण्याची एस.टी., पुण्याहून हावड्याला आझाद हिंद एक्स्प्रेस आणि पुढे ते विमान. मुंबईहून जाण्यापेक्षा वेळ जास्त गेला, पण पैसे बरेच वाचले.

निघण्याआधी आम्ही इब्ने बतूताचे सफरनामे पुन्हा काढून वाचले. या माणसाला मुहम्मद बिन तुघलकाने १३४२ च्या सुमारास आपला वकील म्हणून चीनच्या बादशाहाकडे पाठवले. तो दिल्लीहून निघाला तो आपल्याच मुलखातून गेला, दौलताबादला थांबला, नंदुरबारला थांबला, तिथल्या मराठा लोकांबद्दल त्याने लिहून ठेवले. पुढे कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात जहाजे गेली, नजराणे बुडाले, तरी काही वर्षांनी तो चीनच्या झैतून बंदरात उतरला. झैतून म्हणजे आजचे छुआनझोउ. तिथून तो बेजिंगपर्यंत खरोखर पोहोचला का, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण त्याचे एक वर्णन आम्हाला तिथे दररोज आठवले. तो सांगतो, चीनमधल्या सरायांत रोज संध्याकाळी अधिकारी येतो, उतरलेल्या प्रत्येक मुसाफिराचे नाव लिहून घेतो, मगच दार बंद होते, आणि दुसऱ्या दिवशी मुसाफिर पुढच्या मुक्कामाला सुखरूप पोहोचल्याची लेखी पावती परत येते. परदेशी माणसांची चित्रेसुद्धा काढून ठेवत, म्हणजे कोणी गुन्हा करून पळाला तर ओळखता यावा. आज लॉजच्या काउंटरवर पासपोर्ट यंत्राखाली ठेवतात, आपली नोंद पोलिसांकडे जाते, आणि स्टेशनात शिरताना कॅमेरा डोक्यावर असतोच. काही स्वस्त लॉजवाले परदेशी पासपोर्ट पाहिला की हात हलवून "नाही" म्हणतात. त्यामुळे खोली आधीच ठरवून जावी आणि परदेशी माणसाला ठेवतात ना, हे विचारून घ्यावे.

तयारी मात्र आम्ही मास्तरांच्या पद्धतीने केली. चौकटीची वही आणली आणि महिनाभर रोज संध्याकाळी बारा चिनी अक्षरे घोटली. (चीनमधली मुलेही चौकटीच्याच वहीवर अक्षरे गिरवतात, हे तिथे दुकानात वह्या पाहून कळले.) आत, बाहेर, पुरुष, स्त्री, पाणी, गावांची नावे. "बाहेर" हे अक्षर एकावर एक ठेवलेल्या दोन डोंगरांसारखे दिसते, स्टेशनात शंभर पाट्यांत ते चटकन सापडते. सगळ्यांत आधी मात्र शिकलो ती दोन अक्षरे, ज्यांचा उच्चार साधारण "छिंगझन". अर्थ, शुद्ध आणि सत्य. चीनमध्ये मुसलमानांच्या खाण्याला, म्हणजे आपल्या हलालला, हाच शब्द आहे. पहिल्या अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब असतात. दुसरे अक्षर म्हणजे दोन पायांवर उभे केलेले कपाट, आत आडव्या फळ्या. एवढे ध्यानात ठेवले की रस्त्याच्या पलीकडूनही हॉटेल ओळखता येते.

"डुक्कर नको" अशी चिठ्ठी नेली तर चालत नाही का? आम्हीही आधी तसाच विचार केला होता, पण ज्यांचे तिकडे जाणे-येणे आहे अशा एका व्यापारी नातेवाइकाने समजावले. चिनी भाषेत नुसते "मांस" म्हटले तरी त्याचा अर्थ बहुधा डुकराचेच मांस असा होतो. "मांस नको" म्हटले तर स्वयंपाकी वरचे तुकडे काढील, पण चरबी आणि कढईतला रस्सा तोच राहील. म्हणून नकार लिहून नेण्यापेक्षा हे दोन अक्षरांचे नाव लिहून न्यावे. रस्त्यात कोणालाही ते दाखवले की माणूस विचार करतो आणि बोटाने दिशा दाखवतो. दोनदा तर लोक आम्हाला दारापर्यंत सोडायला आले.

चिठ्ठी तिथे का चालते, याचे कारणही मजेशीर आहे. ग्वांगझोउच्या माणसाची बोली बेजिंगच्या माणसाला कळत नाही, पण लिहिलेले मात्र दोघेही सारखेच वाचतात. त्यामुळे बोलणे अडले की लिहून दाखवायची सवय त्यांच्या हाडात आहे. एकमेकांशी बोलतानासुद्धा ते तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवतात. आम्हाला काही कळेना असे दिसले की तेच अक्षर मोठे करून पुन्हा काढत! त्यांच्या मते अक्षर मोठे केले की कोणालाही समजायला हवे.

आकडे मात्र आपल्या इंग्रजी शाळेतलेच चालतात, म्हणून तारीख, गाडीचा क्रमांक आणि भाव यांची अडचण नाही. बाजारात मात्र बोटांची भाषा वेगळी. पाचापर्यंत आपल्यासारखे, त्यापुढेही एकाच हाताने मोजतात. अंगठा आणि करंगळी ताठ केली की सहा (आपण "फोन कर" म्हणून करतो तीच खूण), अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ, तर्जनीचा आकडा वळवला की नऊ. आमच्या बेगमनी हे पहिल्याच दिवशी आत्मसात केले आणि भाव करण्याचे खाते आपल्याकडे घेतले.

ग्वांगझोउमध्ये आम्ही जुम्मा पढला तो शियानशियान मशिदीत. आवारात एक कबर आहे. ती हजरत साद बिन अबी वक्कास यांची, असे तिथले लोक शतकानुशतके मानत आले आहेत. इतिहासकार ते मान्य करत नाहीत, आणि आम्हालाही त्यांचेच म्हणणे पटते. पण जुम्म्याची गर्दी पाहण्यासारखी. आफ्रिकेचे, अरबस्तानचे, आपल्या उपखंडाचे व्यापारी आणि त्यांच्यात चिनी मुसलमान. मशिदीबाहेर खाण्याचे ठेले. शहरातली दुसरी जुनी मशीद ह्वाइशंग, तिचा छत्तीस मीटर उंचीचा पांढरा मिनार एके काळी जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडे असे सांगतात.

तिथून शिआनला रेल्वेने. जलद गाड्या दिवसात पोहोचवतात, पण तिकीट महाग. आम्ही "कठीण शय्या" म्हणतात त्या डब्यात रात्र काढली. एका बाजूला तीन बर्थ, आपल्या स्लीपरसारखेच, फक्त अंथरूण-पांघरूण स्वच्छ मिळते आणि लॉजचे भाडे वाचते. याहून स्वस्त "कठीण बैठक" असते, पण कमरेचा विचार करणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. आम्ही घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहापत्ती नेली होती, त्यावर प्रवास निभावला. किब्ला पश्चिमेलाच, त्यामुळे होकायंत्र पाहून बर्थवर बसून कसर नमाज अदा करायला अडचण आली नाही. समोरच्या बर्थवरच्या आजीबाईंनी आमच्याकडे टक लावून पाहिले, मग स्वतःच्या नातवाला गप्प बसायची खूण केली.

शिआनबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण भाषेचा सगळा प्रश्न आमच्यासाठी तिथे उलटाच झाला.

तिथली मोठी मशीद हुआज्वे गल्लीत आहे. तिच्या शिलालेखावर ७४२ साल दिले आहे, आजची बांधणी मुख्यतः मिंग काळातली, १३९२ नंतरची. बाहेरून पाहिले तर मशीद वाटणार नाही. घुमट नाही, कौलारू छपरे, एकामागून एक पाच चौक, आणि मिनाराच्या जागी तीन मजली लाकडी मनोरा. चिनी मंदिरे दक्षिणेकडे तोंड करून असतात, ही मात्र सगळीच्या सगळी पश्चिमेकडे वळलेली. दारावर तिकीट आहे. आम्ही सलाम केला, पहारेकऱ्याने "वालैकुम सलाम" म्हणून बाजूला होत आत सोडले. नमाजच्या दालनात इतर पर्यटकांना प्रवेश नाही. आतल्या लाकडी फळ्यांवर कुराण शरीफ कोरले आहे.

वुजूच्या जागी एक पांढऱ्या टोपीतले बुजुर्ग भेटले. त्यांना आमच्या तीन भाषांतली एकही येत नव्हती. ते आकाशाकडे हात करून म्हणाले, "पिएशन". आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुन्हा म्हणाले, "पिएशन, नाइमाझ". आणि डोक्यात उजेड पडला: पेशीन! फारसीत जुहरच्या नमाजला पेशीन म्हणतात. उर्दू शिकवताना जुन्या किताबांत हा शब्द आम्ही कितीदा वाचला होता, बोलताना मात्र आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तोही चीनमध्ये. मग आम्ही बोटांवर मोजत म्हटले, "दीगर?" ते हसले, "दिगैर!" "शाम?" "शामू!" "खुफ्तन?" "हुफूतान!" फजरला ते "बांगदा" म्हणतात, म्हणजे बामदाद. वुजूला "आबुदाइसी", अर्थात आबदस्त. इमामसाहेबांना "आहोंग", म्हणजे आपला आखूंद. आणि परक्या मुसलमानाला हाक मारायची तर "दोस्ती".

याचे कारण सरळ आहे. चीनमधल्या हुई मुसलमानांपर्यंत दीनी इल्म मोठ्या प्रमाणात मध्य आशियातून, फारसी बोलणाऱ्यांमार्फत पोहोचले, आणि हिंदुस्थानातही तसेच. म्हणूनच अरब "सलात" आणि "सौम" म्हणतो, पण इस्लामपूरचा मुसलमान आणि शिआनचा मुसलमान दोघेही नमाज आणि रोजा म्हणतात. मुलांना वर्गात हे शंभरदा सांगितले असते तरी असे कळले नसते.

जेवायला मशिदीमागच्या गल्ल्यांत. तिथला खास पदार्थ यांगरौ पाओमो. आधी हातात एक वाडगा आणि जाड, घट्ट भाजलेल्या रोट्या देतात. ती रोटी गिऱ्हाइकाने स्वतः कुस्करायची, हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. मग वाडगा आत जातो आणि बकऱ्याच्या रश्श्यात शिजून परत येतो. जितके बारीक कुस्कराल तितकी स्वयंपाक्याच्या लेखी तुमची इज्जत. रश्श्यात भाकरी कुस्करून खाणाऱ्या वाळवा तालुक्याला हे शिकवायला नको! शेजारच्या टेबलावरचे लोक गप्पा मारत अर्धा तास कुस्करत होते, आम्ही पाच मिनिटांत वाडगा पुढे केला. अरबांच्या सरीदची आठवण यावी असाच हा प्रकार, सोबत लसणाचे लोणचे. इतरत्र सगळीकडे लानझोउ पद्धतीच्या हाताने ओढलेल्या शेवयांची दुकाने मिळतात, बहुतेक मुसलमानांचीच. तेव्हा मोठा वाडगा दहा ते पंधरा युआनला पडे, आणि युआन साधारण दहा रुपयांना होता. भिंतीवर पदार्थांचे फोटो असतात, बोट दाखवले की झाले.

शिआनहून बेजिंगला जाताना वाटेत शिजियाझुआंग नावाचे शहर लागते. पर्यटक तिथे उतरत नाहीत. आम्ही उतरलो, कारण आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्याचा एक माणूस तिथे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानने चीनवर हल्ला केल्यावर भारतातून पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोटीने निघाले, त्यात सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर असे दोघे महाराष्ट्रातले होते. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. चिनी भाषेचा गंध नव्हता. बाकीचे एकेक करून परतले, हे तिथेच राहिले, भाषा शिकले, इतकी की विद्यार्थ्यांना वैद्यकीचे धडे चिनीतून देऊ लागले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले, तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, आजारपणात गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. तो ज्या पुस्तकावरून घेतला त्याचे लेखक ख्वाजा अहमद अब्बास हे मौलाना हालींच्या घराण्यातले, ही गोष्ट उर्दूवाल्यांनी लक्षात ठेवावी.

स्टेशनाबाहेर आम्ही टॅक्सीवाल्याला चिठ्ठी दाखवली. तिच्यावर फक्त त्यांचे चिनी नाव होते, के दिहुआ. (त्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी "हुआ", म्हणजे चीन, हे अक्षर घेतले होते.) टॅक्सीवाल्याने नाव वाचले, आरशातून आमच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि "इंदू?" असे विचारले. इंदू म्हणजे हिंदुस्थान. शहीद स्मारकाच्या बागेत त्यांची समाधी आहे, पुतळा आहे, जवळच कॅनडाचे डॉ. बेथ्यून. कोणीतरी ताजी फुले ठेवली होती. शाळेची सहल आली होती, बाई मुलांना काहीतरी सांगत होत्या. त्यातला आम्हाला एकच शब्द कळला, के दिहुआ. बाकी त्या काय शिकवत होत्या हे ऐकायची फार इच्छा होती, शिक्षक म्हणून तर नक्कीच. पण चिठ्ठीने वाट विचारता येते, दुसऱ्याच्या वर्गात बसता येत नाही.

हेच बेजिंगमध्ये अधिक टोचले. तिथली न्यूजिए मशीद ९९६ सालची, आत इराण-मध्य आशियातून आलेल्या बुजुर्गांच्या कबरी आणि अरबी शिलालेख. भोवती मुसलमानांची वस्ती, हलाल मिठाईची दुकाने. पण त्याच वर्षी बेजिंगमधल्या हॉटेलांना आणि दुकानांना पाट्यांवरची अरबी अक्षरे झाकायला लावल्याच्या बातम्या जगभर आल्या होत्या, आणि काही पाट्यांवर नवी पट्टी चिकटवलेली आम्हीही पाहिली. जिथे "हलाल" असे अरबीत लिहिलेले असायचे तिथे आता फक्त ती दोन चिनी अक्षरे. ती शिकून गेलो नसतो तर त्या गल्लीतही उपाशी फिरलो असतो. दुकानदाराला सलाम केला, त्यानेही हळू आवाजात उत्तर दिले. त्या पट्टीबद्दल त्याच्या मनात काय होते? विचारण्याइतकी भाषा आमच्याकडे नव्हती. असती तरी विचारले नसते, कारण आम्ही दोन दिवसांनी विमानात बसणार होतो आणि त्याला तिथेच राहायचे होते.

शिनजियांगच्या उइगूर मुसलमानांबद्दल वाचकांनी वाचले असेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ ला अहवाल काढून तिथे गंभीर मानवाधिकारभंग झाल्याचे आणि तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकेल असे म्हटले. चीन सरकार ते नाकारते. आम्ही त्या प्रांतात गेलो नाही. शिआनच्या गजबजलेल्या गल्ल्या पाहून "चीनमध्ये सगळे उत्तम आहे" असे सांगणारे प्रवासी आम्हाला भेटतात, आणि काहीही न पाहता "तिथे मशीदच उरली नाही" म्हणणारेही. दोघांच्याही बोलण्यावर आमचा भरवसा नाही. इब्ने बतूताने प्रांजळपणे लिहिले आहे की चीन कितीही थोर असला तरी तिथे त्याचे मन रमले नाही, तो बहुतेक घरातच बसे, आणि एखादा मुसलमान भेटला की आप्त भेटल्यासारखे वाटे. सबता या मोरोक्कोच्या बाजूच्या गावचा एक माणूस तिथे भेटला तेव्हा दोघेही रडले. भाषा न येणाऱ्या मुसाफिराला आपलीच माणसे दिसतात, हे सहाशे-सातशे वर्षांपूर्वीही तसेच होते.

आता हिशेब. दोघांचा मिळून, इस्लामपूर ते इस्लामपूर, विमान आणि व्हिसा धरून, एक लाख दहा हजारांच्या आसपास खर्च आला. तीन रात्री रेल्वेत काढल्या, बाकीच्या साध्या खोल्यांत. निघताना दर सकाळी लॉजचे कार्ड खिशात टाकत होतो. परत यायला तेच टॅक्सीवाल्याला दाखवायचे.

त्यानंतर कोरोना आला, मग सीमेवरचा तणाव, आणि थेट विमाने बंद झाली ती २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकात्याहूनच पुन्हा सुरू झाली. आता जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोबाइलवर "चीन व्हिसाविना" अशा जाहिराती फिरतात, त्या भारतीय पासपोर्टला लागू नाहीत, व्हिसा घ्यावाच लागतो. पैसे देणे जवळजवळ सगळे मोबाइलवर गेले आहे. अलीपे नावाच्या ॲपला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड इथेच जोडून घ्यावे, थोडी रोकडही असू द्यावी. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून घरच्यांशी बोलायची सोय आधी ठरवावी. भाषांतराचे ॲप नेटशिवाय चालेल असे उतरवून न्यावे, पण फोनची बॅटरी संपते, चिठ्ठी संपत नाही. युआनही आता दहा रुपयांचा राहिलेला नाही. नोव्हेंबरात उत्तरेकडे कडाक्याची थंडी असते. चहापत्ती घरूनच न्यावी. गरम पाणी तिकडे जागोजागी फुकट मिळते, आपल्यासारखा दुधाचा चहा मात्र मिळत नाही, तेव्हा दुधाची पावडरही पिशवीत टाकावी.